भोंगा नसलेली गाडी

"वजन किती?"

फोन उचलल्यावर त्यांचा पहिला प्रश्न हा होता. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. मी म्हटलं, "साधारण साठ असेल." पलीकडून आवाज आला, "साधारण नको. खरं सांगा. मी स्थळ बघायला येत नाहीये."

आईच्या डायलिसिससाठी व्हीलचेअरची गाडी हवी म्हणून मी तो फोन केला होता. गुडघे तिचे आधीच गेले होते, मग किडन्या गेल्या. बदलापूरहून उल्हासनगरच्या सेंटरला आठवड्यातून दोनदा जायचं. दोन महिने आम्ही रिक्षाने नेलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वॉचमन. तिला रिक्षात कोंबताना तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो अजून माझ्या कानात आहे. मग केमिस्टने हा नंबर दिला आणि म्हणाला, "माणूस जरा सर्किट आहे, पण नेतो नीट."

वजनाचं झाल्यावर पुढचा प्रश्न, "हे जातानाचं की येतानाचं?" डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी काढतात, त्यामुळे येताना माणूस दोन-तीन किलोने हलका होतो, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. मग मजला कितवा, लिफ्ट जमिनीच्या बरोबरीने थांबते की बोटभर खाली, लिफ्टच्या आधी पायऱ्या किती, बाथरूमचं दार किती रुंद.

"बाथरूमचं काय करायचंय तुम्हाला? तुम्ही सेंटरला नेणार ना?"

"निघायच्या आधी बाई बाथरूमला जातील ना?" ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः आले. साठीच्या पुढचे, काटकुळे, फुल शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि हातात एक लाकडी पट्टी. ती त्यांच्या चाकांच्या खुर्चीच्या रुंदीएवढी होती, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त. घरात शिरल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत. पट्टी दोन्ही हातांनी आडवी धरून एकेका दारातून चालत गेले. "जातं," हॉलच्या दारात म्हणाले. "जातं," बेडरूमच्या. बाथरूमच्या चौकटीला पट्टी टक्कन लागली. "नाही जात."

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तिथे भोकाचं माप बघायला एक गेज असायचं. ते भोकात गेलं तर माल पास, नाही गेलं तर बाद. कारखाना बंद झाला, पण यांची सवय गेली नाही. 'होईल काहीतरी', 'बघू', 'ॲडजस्ट करू' हे शब्द त्यांना सहनच होत नसत. "ताई, दाराला ॲडजस्ट करता येत नाही," ते म्हणायचे, "म्हणून मग माणसाला करतात." आमच्या बाथरूमच्या दाराची चौकट त्यांनी मला सुताराकडून काढायला लावली. तिथे पडदा लागला. आई महिनाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होती.

सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत. त्यांच्याकडे एक वही होती, तिच्यात फक्त दारं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कुठल्या डॉक्टरकडे किती पायऱ्या, कुठली लिफ्ट अरुंद, कुठल्या लॅबचा संडास कामाचा. आमच्याकडे रोज नवा टॉवर उभा राहतो, नावं सगळी स्वर्गाची, आणि दारात तीन पायऱ्या. "हाडांचा डॉक्टर पहिल्या मजल्यावर, आणि कातडीचा तळमजल्यावर," ते म्हणायचे. "कातडीवाल्याला काय, धावत येता येतं." ते डॉक्टरांना पत्रं लिहीत. त्यांना कंटाळून एकाने दारात सिमेंटचा उतार करून घेतला, पण तो घसरगुंडीसारखा. पट्टीवाले तिथे गेले, स्वतः खुर्चीत बसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "ढकला." डॉक्टर निम्म्यावर धापा टाकायला लागले. उतार तोडून पुन्हा बांधला.

गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन. मागच्या सीटा काढून तिथे खुर्ची अडकवायचे हूक, आणि मागे घडीची लोखंडी फळी. ती उल्हासनगरच्या एका सिंधी वेल्डरने करून दिली होती. तो म्हणाला होता, "साईं, फ्रिज चढ़ाना है क्या इसमें?" हे म्हणाले, "आदमी." त्याने फळीच्या दोन्ही कडांना आपणहून पट्ट्या जोडून दिल्या, चाक घसरू नये म्हणून.

रस्त्यात कोणी दया दाखवून वाट दिली तर पट्टीवाले चिडायचे. "आपल्या गाडीला भोंगा नाही. आपण मरायला नाही चाललो, डॉक्टरची वेळ घेऊन चाललोय." गाऊनवर ते कोणालाही नेत नसत. पहिल्याच सोमवारी आई गाऊनमध्ये खुर्चीत बसली, तर हे दारात उभे. "बाई, तुम्ही बाहेर चाललात. मी खाली थांबतो." आई इतकी भडकली की रागाच्या भरात तिने माझ्याकडून चांगली साडी नेसवून घेतली. पुढे पुढे ती रविवारी संध्याकाळीच साडी काढून ठेवायला लागली. शेवटच्या दीड वर्षात तिला सजायची एवढी एकच जागा उरली होती. मी तिची मुलगी, मला ते सुचलं नव्हतं. एका परक्या माणसाला सुचलं.

ते फक्त डॉक्टरकडे नेत. लग्नाला नाही, देवदर्शनाला नाही, मतदानालाही नाही. आईची एक फार जुनी मैत्रीण अंबरनाथला राहायची. मी एकदा त्यांना म्हटलं, "जाता जाता पाच मिनिटं तिच्याकडे थांबाल का?" तर ताडकन म्हणाले, "गाडी एक, खुर्ची एक. मी पाच मिनिटं थांबलो की पुढचा माणूस साडी-पँट घालून पाच मिनिटं ताटकळतो." त्यात चूक काहीच नव्हती. त्यांच्या कुठल्याच नियमात चूक नव्हती.

या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. मी तिला मावशी म्हणायचे. आई आणि ती अंबरनाथच्याच दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. डबा एकत्र, आजारपणं एकत्र, माझ्या बारशाच्या वेळी आईच्या अंगात ताप होता तर पाळण्याशी मावशीच उभी होती. कारखाना सुटला, आम्ही बदलापूरला आलो, ती अंबरनाथला मुलाकडे राहिली. भेटी कमी झाल्या, पण दर रविवारी फोन ठरलेला.

आई आजारी पडली आणि तिने मला बजावलं, "तिला काही सांगायचं नाही. ती रडत बसेल." तेव्हापासून आई फोनवर चालायला लागली. "आत्ताच भाजी घेऊन आले." "विहारात गेले होते, पौर्णिमा ना." तिकडून मावशीही तेच सांगायची, की रोज तलावापर्यंत चक्कर होते, गुडघ्यांनी कुरकुर नाही. फोन आला आणि आई डायलिसिसवरून येऊन पडलेली असली, की मी सांगायचे, "मावशी, आई बाहेर गेलीय." मी फोन केला की मावशीची सून म्हणायची, "आई बाहेर गेल्यात." एकदाही मला वाटलं नाही की ती माझंच वाक्य बोलतेय.

मग हळूहळू आईच्या बोलण्यात विष यायला लागलं. "तलावापर्यंत चालते, मग एक स्टेशन येता येत नाही? आता तिला नवीन मैत्रिणी मिळाल्या असतील." तिकडून मावशीचाही सूर बदलला. "विहारात जायला वेळ आहे, माझ्याकडे यायला नाही." आईला खरं सांगायचं नव्हतं आणि राग तर खरा येत होता. मी म्हणायचे, "सांगून टाक ना." ती म्हणायची, "तिला माझी कीव करायला देऊ?"

सोमवारी मी ऑफिसमधून परस्पर सेंटरला जायचे, त्यामुळे आई गाडीत एकटीच पट्टीवाल्यांबरोबर असायची. घरी येऊन गप्प, पण गाडीत म्हणे भरपूर बोलायची. मी त्यांना एकदा विचारलं, "आई गाडीत काय बोलते हो?"

"ते गाडीत विचारा, त्यांना."

"सांगा ना, मला काळजी वाटते."

तेव्हा त्यांनी मला एका निवृत्त हेडमास्तरांची गोष्ट सांगितली. तेही डायलिसिसवाले. गाडीत एकदा म्हणाले होते, आता नको वाटतं, पण मुलासमोर बोलवत नाही. यांनी चांगल्या मनाने ते मुलाला सांगितलं. मुलगा बापावर खूप ओरडला, मग पाया पडून रडला, मग घरात कोणी ना कोणी पाळतीला बसायला लागलं. पुढच्या खेपेला मास्तर गाडीत म्हणाले, "इथलं बोललेलं घरी पोचतं होय?" त्यानंतर चार महिने, म्हणजे मरेपर्यंत, ते या गाडीत एक शब्द बोलले नाहीत. "त्यांना बोलायला तेवढीच एक जागा होती, ताई," पट्टीवाले म्हणाले. "ती मी घालवली. आता गाडीतलं बाहेर नाही."

मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. आजही वाटतो, आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटतं.

एकदा त्यांचा भलत्या वेळी फोन आला. "ताई, सोमवारच्या ऐवजी मंगळवार चालेल का? एकदाच."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वार बदला म्हणून लोक त्यांच्या हातापाया पडत आणि ते हलत नसत. मी म्हटलं, "का?"

"मंगळवारी गाडी अंबरनाथवरून जाते."

"ती सोमवारीपण अंबरनाथवरूनच जाते की."

"मंगळवारी थांबते," ते म्हणाले. "सेंटरशी मी बोललोय. त्यांचं चालतं." मग घसा खाकरून, "तुमचं बघा."

माझं ऑफिसात ऑडिट चाललं होतं. साहेबांनी आधीच दोन वार दिले म्हणून ऐकवलं होतं. मी चिडून म्हटलं, "काका, तुमचेच नियम ना? पुढचा माणूस ताटकळतो म्हणता, मग आमचा वार दुसऱ्या कोणाच्या सोयीसाठी बदलायचा का?" ते म्हणाले, "बरोबर आहे." पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज इतका खाली आणला होता की मला ते पैसे उसने मागतायत असं वाटलं. मी म्हटलं, "सारखं सारखं विचारू नका, प्लीज." मग त्यांनी विचारलं नाही.

त्याच महिन्यात आईचा आणि मावशीचा शेवटचा फोन झाला. मी शेजारी बसले होते. आईला कमी ऐकू यायचं म्हणून फोन स्पीकरवर असायचा. मावशी म्हणाली, "चालती-फिरती असून येत नाहीस, मग मी मेले असं समज." आई म्हणाली, "समजले." आणि फोन माझ्या हातात दिला. तिचे पाय पांघरुणात, सुजलेले, खांबासारखे. त्या रात्री ती जेवली नाही, आणि पुढचे रविवार फोनकडे बघत काढले. फोन आला नाही, तिने करू दिला नाही. सात आठवड्यांनी आई गेली. सेंटरवरच, डायलिसिस चालू असताना. येताना पट्टीवाले रिकामी खुर्ची घेऊन आले.

मी अंबरनाथला फोन केला. सून म्हणाली, "सांगते आईंना." अंत्ययात्रेला मावशी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मला इतका संताप आला होता की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं तिला कळवतानाही मी सुनेला म्हटलं, "चालत्या माणसाला यायला एवढं जड का जातंय?" ती पोर काहीतरी बोलणार होती. मी फोन ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी वंदना झाली, माणसं जेवून पांगली, मी उरलेल्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते, आणि दारात पट्टीवाले. फक्त डॉक्टरकडे नेणारे पट्टीवाले. त्यांच्यापुढे खुर्ची, आणि खुर्चीत मावशी. पांढरी साडी नीट नेसलेली. एका पायात चप्पल. दुसरा पाय गुडघ्याच्या खाली नव्हता.

साखरेने गेला होता, वर्षापूर्वी. उरलेल्या पायालाही जखम होती. मंगळवार-शुक्रवार ड्रेसिंगला न्यायला लागायचं.

पट्टीवाल्यांनी तिला आईच्या फोटोसमोर आणलं. मावशीने फुलं वाहिली. मग बराच वेळ फोटोकडे बघून मला विचारलं, "शेवटपर्यंत चालत होती ना गं ती?"

माझ्यात खोटं बोलायची ताकद नव्हती. "नाही, मावशी. दीड वर्ष खुर्चीवर होती. सोमवार-गुरुवार डायलिसिस. याच गाडीने न्यायचे हे."

मावशीचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. तिने ते उचलून मांडीवर ठेवले. "याच खुर्चीत?"

"याच."

तिने मान वळवायचा प्रयत्न केला. पट्टीवाले मागे उभे होते, ते पुढे आले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होय, बाई."

"केव्हापासून?"

"तुमच्या पहिल्या महिन्यापासून. दोघी एकमेकींचं नाव घ्यायच्या. नावं जुळली, कारखाना जुळला."

"मी दर मंगळवारी तुमच्यासमोर तिला शिव्या घालत होते. तेव्हापण बोलला नाहीत?"

"गाडीतलं मी बाहेर नेत नाही."

"बाहेर कुठं?" मावशी म्हणाली. "अहो, आम्ही दोघी गाडीतच होतो की."

मी ट्रे घेऊन तशीच उभी होते. मला आत्ता कुठे कळलं होतं की मंगळवार का मागितला होता. नियमही मोडायचा नव्हता आणि भेटही घडवायची होती, म्हणून एकीला पुढच्या सीटवर, एकीला खुर्चीत बसवून त्यांनी दोघींना एकाच गाडीत आणायचं ठरवलं होतं. पुढचं त्या दोघींनी बघितलं असतं. तीनदा विचारलं होतं. मला वाटलं, आता सांगतील. 'मी प्रयत्न केला होता, या ताईंनी नाही म्हटलं,' एवढंच म्हणायचं होतं. मी वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जमिनीकडे बघत उभे राहिले, बाद झालेल्या मालासारखे.

आणि मी? मी ट्रे खाली ठेवला आणि "पाणी आणते" म्हणून आत गेले.

परत आले तेव्हा मावशी म्हणत होती, "मला घरी सोडा. आणि उद्यापासून येऊ नका."

ती खरोखरच पुन्हा त्यांच्या गाडीत बसली नाही. मुलाने रिक्षा करून बघितली. एका पायावर, त्याही दुखऱ्या, रिक्षात चढता येईना. ड्रेसिंगच्या खेपा चुकायला लागल्या. पट्टीवाले मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी सव्वानऊला तिच्या बिल्डिंगखाली गाडी लावून उभे राहायचे. फळी उघडलेली. दहा वाजले की फळी मिटून जायचे. तिची वेळ त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही, आणि तिच्या मुलाला म्हणाले, "त्यांनी रद्द केली असेल, मी नाही केली." हे मला सुनेने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही येऊन आईंना समजवा ना. तुमचं ऐकतील."

मी गेले. घरातून निघताना ठरवलं होतं, सगळं सांगायचं. मावशीने माझा हात धरून ठेवला. आईची एक जुनी आठवण काढली, कारखान्यातली, आणि आम्ही दोघी हसलो. पायाला वास येत होता. ती म्हणाली, "त्या माणसाचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. तू तरी आहेस मला." त्यानंतर माझी जीभ उचलली नाही. चहा घेतला, केळी घेऊन गेले होते ती ठेवली, आणि परत आले. बाहेर पडताना गाडी खालीच उभी होती, शुक्रवार होता. त्यांनी मला बघितलं, मान हलवली, काही विचारलं नाही. मी घाईत असल्यासारखं दाखवून स्टेशनकडे वळले.

थंडी पडायच्या आत मावशी गेली. जखम वर चढली होती.

त्यांनीच मला फोन केला. "ताई, अंबरनाथच्या बाई गेल्या. तुम्हाला कळवावं म्हटलं." त्यांच्या मागे गाड्यांचे आवाज येत होते. त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. मग मी म्हटलं, "काका, तुम्ही मंगळवार मागितला होता. मीच नाही म्हटलं. ते मी मावशीला सांगायला हवं होतं."

"कुठला मंगळवार?" ते म्हणाले.

दीड वर्षाची प्रत्येक खेप त्यांना तोंडपाठ होती. कुठल्या दिवशी लिफ्ट बंद होती, कुठल्या दिवशी आईने कुठली साडी नेसली होती.

"तीनदा विचारलं होतंत तुम्ही," मी म्हटलं.

"मला नाही आठवत, ताई. वय झालं." मग म्हणाले, "ठेवतो. खाली उतरतायत एक जण."

मला मोकळं करायला तो माणूस खोटं बोलला, आणि मी म्हटलं, "बरं."